टाकी ते टाकी

पेट्रोलच्या झाकणाआड स्टिकर आहे, अर्धा सोललेला:
किमान ९१.
माणूस अडकतो तो ह्या 'किमान'मध्ये.
नेरुळच्या पंपावर मोनाली नळी हातात धरून विचारते,
"साधं की पॉवरवालं?"
मागचा स्कूटरवाला हॉर्न देतो,
मी अजून विचारात, जणू स्थळाला नकार कळवायचाय.

गाडी छोटी, लाल, टर्बो.
पहिला मालक खारघरचा:
सायलेन्सर बदलला होता, हप्ते भरले नव्हते.
सीटखाली त्याचा कंगवा सापडला.
कंपनीच्या कागदावर मायलेज अठरा.
ते अठरा मी एकदाच पाहिलं,
पहाटे साडेपाचला, पाम बीचवर,
सगळे सिग्नल हिरवे, खाडीवर धुरकट उजेड.
१८.२.
फोटो काढावा म्हणून बाजूला थांबलो
तर १७.९.

म्हणून वही.
रबाळ्याच्या कारखान्यात मी रंगाची घनता मोजतो,
दशांशानंतर दोन आकडे नसले तर मला जेवण जात नाही.
तारीख, किलोमीटर, लिटर, ऑक्टेन.
नळी एकदा 'टक्' झाली की बस्स, वर थेंब नाही.
तीन टाक्या एक्क्याण्णवच्या, तीन पंच्याण्णवच्या,
आणि बोनस झाला तेव्हा एक शंभरची;
ती तीर्थासारखी पुरवली,
एसी बंद, काचा वर, पाठ घामाने सीटला चिकटलेली.

१२.४१
१२.६७
१२.७०

म्हणजे लिटरमागे आठ रुपये जादा मोजून
पाव किलोमीटर.
आमच्या गेटपासून इस्त्रीवाल्यापर्यंत.
शंभरचं तर विचारूच नका.

सानपाड्याचा शाजी हात पुसत म्हणाला,
"ऑक्टेन म्हंजे ताकद नाय, साहेब.
दाब पडला तरी अवेळी भडकत नाय, त्याचं माप."
मग माझ्या उजव्या बुटाकडे बघितलं.
"आणि मायलेज तिथे."

वहीत एक ओळ मात्र अशी आहे
जिथे ऑक्टेनचा रकाना कोरा,
आणि आकडा
६.८.
शाजी म्हणाला, कुठेतरी गळतंय.

गळत नव्हतं.
उलव्यात, जिथे रस्ते झालेत, दिवेही लागतात
आणि इमारती अजून यायच्यात,
तिथे आई गाडी शिकत होती.
वय एकसष्ट.
चाळीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून
तिने "डावीकडे" म्हटलं आणि बाबा उजवीकडे गेले,
आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.
ते गेल्यावर अकराव्या महिन्यात म्हणाली,
"किल्ली दे."

पहिला गिअर. दचका. बंद.
पहिला. दचका. दुसरा. इंजिनाचा आक्रोश. बंद.
एक पिवळं कुत्रं रोज येऊन बसायचं, बघायला.
स्पोर्ट्स मोडचं बटण असलेली माझी गाडी
शून्यावरून अकरावर गेली,
अकरावरून शून्यावर.
आईचे हात स्टिअरिंगवर दहा वाजून दहा मिनिटांनी,
ओढणीला गाठ,
जीभ किंचित बाहेर, सुईत दोरा ओवताना असते तशी.
चौथ्या रविवारी सेक्टरला पूर्ण वळसा घालून आली,
हँडब्रेक ओढला, नको तितका वर.
मी म्हणालो, "चल, पुरे."
ती म्हणाली, "अजून एक."

ती टाकी तिनेच भरली होती. फी म्हणून.
पंपावर मला गाडीतच बसवलं,
मोनालीशी काहीतरी बोलली, दोघी हसल्या,
पर्समधून चौपदरी घडीच्या नोटा निघाल्या.
काय भरलं, विचारलं.
"मास्तरांनी फीची पावती मागू नये."

परवा गाडी घेऊन एकटीच बेलापूरला मावशीकडे गेली,
येताना टाकी भरून आली.
रात्री वही उघडली तर ओळ भरलेली,
तिच्या तिरप्या, बाराखडी घोटलेल्या अक्षरात:
तारीख, किलोमीटर, लिटर.
भागाकार मी केला. दोनदा केला.
१४.०३.
ऑक्टेनच्या रकान्यात तिने लिहिलंय:
भरपूर.